वेब्लेनचा रिकामटेकडा वर्ग आणि आपण

मागच्या महिन्यात अभ्यासवर्गात एका पोरानं विचारलं, अर्थशास्त्र म्हणजे दोनच ना? एक शेटजीचं, एक मार्क्सचं. मग आपलं कुठलं? कुणी बोललं नाही. मीही नाही. पाळी करून आलो होतो, डोळे मिटत होते. पण प्रश्न डोक्यात चातीसारखा फिरत राह्यला.

दोस्तहो, दोनच नाहीत. बाजाराची पोथी नाकारणारे मार्क्सखेरीज पुष्कळ झाले. जर्मनीत श्मोलर आणि त्याच्या मंडळींनी सांगितलं, कायदा, रूढी, इतिहास बाजूला सारून अर्थशास्त्राचे नियम करता येत नाहीत. 1883 पासून व्हिएन्नाच्या मेंगरशी त्यांची यावरून जुंपली. जर्मनीत शिकून ही हवा घेऊन आलेल्या तरुणांनी 1885 साली अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन काढली, त्यांत एडविन सेलिग्मन होते. 1913 साली बाबासाहेब कोलंबियात गेले ते या सेलिग्मनांच्या हाताखाली. तेव्हा बाबासाहेबांचं अर्थशास्त्र आभाळातून पडलेलं नाही, त्याला गोत्र आहे. (गोत्र हा शब्द मुद्दाम वापरलाय. पंडितांना टोचू दे.)

त्याच अमेरिकेत थॉर्स्टन वेब्लेन झाला. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याचा पोरगा. 1899 साली त्यानं 'द थिअरी ऑफ द लिझर क्लास' लिहिलं. वाक्यं हातभर लांब. मी शब्दकोश घेऊन सहा महिने झगडलो. पण माणूस मोठा खवचट. तो म्हणतो, माणूस काही नफातोट्याचा तराजू घेऊन जन्मत नाही. समाजाच्या अंगवळणी पडलेल्या सवयी त्याला चालवतात. या सवयींना त्यानं इन्स्टिट्यूशन म्हटलं आणि त्यावरून पुढं संस्थावादी अर्थशास्त्र उभं राह्यलं. श्रीमंत माणूस गरजेपोटी खर्च करत नाही, दिसावा म्हणून करतो. आणि काम न करणं हीच त्याची अब्रू. ज्याच्या हाताला घट्टे तो हलका, ज्याचे हात मऊ तो थोर.

हे वाचताना मी उडालोच. हा तर आमच्या गावचा वाडा! पहिल्याच प्रकरणात ब्राह्मणी हिंदुस्थानाचं नाव आलं. उत्पादनाच्या कामातून लढवय्ये आणि पुरोहित कसे सुटतात, याचा नमुना म्हणून. मी पान उलटलं. पुढं काही नाही. एका वाक्यात आपला देश संपला.

माझं भांडण इथं आहे. कामातून कोण सुटलं ते वेब्लेननं बारकाईनं पाहिलं. शेटजीची बायको, गणवेशातला नोकर, पुरोहिताचा झगा, काही सोडलं नाही. पण सुटलेल्यांचं काम ज्याच्या गळ्यात जन्माबरोबर बांधलं, त्याच्याकडं हा खवचट डोळा वळलाच नाही. अमेरिकेतल्या गुलामीला संपून तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती. वाड्याचा दिवाणखाना त्यानं उघडा पाडला, मागचं दार नाही.

आणि अर्थशास्त्राची खरी परीक्षा मागच्या दारीच आहे. अॅडम स्मिथनं 1776 सालीच सांगून ठेवलंय की घाणेरड्या, किळसवाण्या, कमीपणाच्या कामाला मजुरी जास्त पडते, कारण सहजी कोणी ते पत्करत नाही. फाशी देणाऱ्याचा दाखला दिलाय त्यानं. ऐकायला बरोबर वाटतं. मग गटारात उतरणाऱ्याला सगळ्यात जास्त पगार पाह्यजे होता! 1993 साली मैला वाहण्याविरुद्ध कायदा झाला, 2013 साली दुसरा झाला, तरी माणसं टाकीत गुदमरून मरतात, आणि तीही चार पैशांसाठी. स्मिथचा नियम कुठं मोडला? तर तो माणूस दुसऱ्या कामाला जाऊ शकतो हे त्यानं गृहीत धरलं तिथं. आपल्याकडं दारंच बंद.

हे बाबासाहेबांनी 1936 साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये स्वच्छ मांडलं. जात नुसती कामं वाटत नाही, काम करणारी माणसंच वेगवेगळ्या कप्प्यांत कोंबते, कप्प्यांवर कप्पे रचते. माणसाला धंदा बदलता आला नाही की बेकारीही वाढते, हेही त्यांनीच सांगितलं. याला कुणी समाजसुधारणा म्हणून बाजूला ठेवतं. मी म्हणतो, हा वेब्लेनच्या पुस्तकाचा न लिहिलेला अर्धा भाग आहे.

गिरणीचंच बघा. मुंबईत साचेखात्यात मजुरी जास्त, रिंगखात्यात कमी. अस्पृश्याला साचेखात्याची बंदी. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमची थुंकी बाटवी. 1928 च्या संपात ही बंदी उठवा म्हणून बाबासाहेबांना कामगार पुढाऱ्यांशीच हुज्जत घालावी लागली. मालकाच्या नफ्यात हे गणित बसत नाही, नुसत्या वर्गयुद्धातही बसत नाही. सवयीत बसतं. मी रिंगवर आहे, मला हे पुस्तकाआधी ठाऊक होतं.

तरी बाबासाहेबांवर 'पर्यायी' असा शिक्का मारून मोकळं होऊ नका. 1923 च्या रुपयावरच्या प्रबंधात ते केन्सच्या विरुद्ध उभे राह्यले आणि सोन्याच्या बाजूनं बोलले. केन्स पुढं बंडखोरांचा लाडका झाला. मग काय, बाबासाहेब सनातनी? कारण बघा: रुपया घसरला की भाव चढतात, मजुरी मागं राहते, आणि व्यापाऱ्याचा फायदा मजुराच्या पोटातून निघतो. शाळा कुठलीही असो, ते मजुराच्या बाजूनं हिशेब तपासत होते. 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतीच सरकारी उद्योग करा म्हणाले, ते कुठल्या पोथीत बसवणार?

आर्थिक विचारांच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं मी चाळली. वेब्लेन आहे, कॉमन्स आहे, मिचेल आहे. सेलिग्मनसुद्धा आहेत. त्यांचा विद्यार्थी सापडला नाही. आपल्या मास्तरांना विचारलं तर म्हणाले, ते घटनाकार ना!

पुढच्या रविवारी बाबासाहेबांचा 1918 चा लहान शेतांवरचा निबंध वाचायला घेऊ. तुकडे जोडले की शेती सुधारते असं सगळे म्हणत असताना त्यांनी दाखवलं, रोग तुकड्यात नाही; भांडवलाची वाण आणि जमिनीवर बसून राह्यलेले रिकामे हात यांत आहे, आणि या हातांना कारखाने पाह्यजेत. इंग्रजी अवघड आहे. शब्दकोश कुणीतरी आणा, माझा फाटलाय.