शिळेवरचा शक

ग्रंथाच्या अखेरीस किंवा शिलालेखाच्या आरंभी येणारा कालनिर्देश हा वाङ्मयाचा भाग आहे, असे आपण सहसा मानीत नाही. संपादक त्याचे इसवी सनात रूपांतर करतात, शिक्षक तो आकडा फळ्यावर लिहितात आणि मूळ शब्द मागे राहून जातात. या रूपांतराची सोय कोणी नाकारणार नाही. परंतु कालनिर्देश हा नुसता आकडा नसतो. आपले कर्तृत्व कोणाच्या काळात मांडावयाचे, याविषयी लेखकाने केलेले ते विधान असते. ते गाळले की अर्थाचा एक अंश गळतो.

हे स्पष्ट व्हावे म्हणून प्रथम एक दूरचे उदाहरण घेतो. जपानमध्ये कालखंडाला नाव द्यावे आणि त्या नावापासून वर्षे मोजावीत, अशी रीत आहे; पूर्वी हे नाव सम्राटाचा दरबार देत असे. इ. स. ६४५ मध्ये 'ताइका' हे पहिले नाव निघाले आणि ७०१ पासून ही परंपरा अखंड चालू आहे. राज्यारोहण, शुभशकुन, रोगराई, भूकंप अशा निमित्तांनी पूर्वी नाव बदलत असे. १३३६ मध्ये सम्राट गो-दाइगो क्योतो सोडून योशिनोच्या डोंगरात गेला, तर क्योतोमध्ये आशिकागा ताकाउजीने दुसरा सम्राट बसविला. तेव्हापासून १३९२ पर्यंत दोन दरबारांची दोन कालनामे एकाच वेळी चालली. अशा वेळी कागदावर कोणते वर्ष घातले आहे, यावरूनच तो लिहिणारा कोणत्या पक्षाचा हे कळून येई.

आपल्याकडे या तीव्रतेचे उदाहरण नाही. परंतु तोच प्रश्न डिचोली तालुक्यातील नार्वे येथे, श्री सप्तकोटेश्वराच्या देवळात, दगडावर कोरलेला आहे. दिवाडी बेटावरील मूळ देवालय पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडले आणि देव नदीपलीकडे आला. पुढे शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने उभारविले. तेथील संस्कृत लेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी आणि सोमवार असा काळ सांगून 'शिवराजा'च्या आज्ञेने काम आरंभिल्याचे नमूद आहे. म्हणजे इ. स. १६६८.

पेडण्याहून आमच्या शाळेची सहल तेथे गेली असता एका मुलाने विचारले, "सर, महाराजांचा स्वतःचा शक होता ना? मग इथे तो का नाही?" तो शक अजून सुरू व्हावयाचा होता, असे उत्तर मी दिले. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते.

शालिवाहन शकाला त्या वेळी जिवंत धनी नव्हता. तो पंचांगाचा होता, म्हणून सर्वांचा होता. ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२ असा सांगितला जातो. केळोशीच्या कृष्णदास शामाने 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचिली ती शके १४४८, म्हणजे इ. स. १५२६ मध्ये. तिसवाडी तेव्हा पोर्तुगीजांकडे गेली होती आणि साष्टी आदिलशाहीत होती. पण आपल्या ओवीचा काळ सांगण्यासाठी कवीला यांपैकी कोणाचीही अनुज्ञा लागली नाही. साठ संवत्सरांची नावेही अशीच आपोआप फिरतात. सप्तकोटेश्वर हे ज्यांचे कुलदैवत, त्या गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडिदेवाच्या हलशी येथील लेखात कलियुगाचे ४२७० वे वर्ष आणि राज्याचे तेविसावे वर्ष दिले आहे. संवत्सर मात्र विरोधी. जपानी दरबाराने असे अशुभ नाव कधी निवडले नसते. येथे राजाने ते जसे आले तसे कोरविले.

नार्व्याची शिळा या परंपरेतील आहे. तीत 'छत्रपती' हे पद नाही आणि नवा शकही नाही. देव पुन्हा बसविणारा राजा स्वतःला सर्वांच्या काळात ठेवतो. सहा वर्षांनी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, आनंद संवत्सरी (६ जून १६७४) राज्याभिषेक होतो आणि राज्याभिषेक शक सुरू होतो. या दोन तिथींमधील अंतर हीच एका सार्वभौमत्वाची घडण आहे. आपले ऐतिहासिक कादंबरीकार आणि व्याख्याते हे अंतर पुसून टाकतात. १६७४ चे तेज १६६८ वर पसरवितात आणि आरंभापासूनच सर्व ठरलेले होते असा भास निर्माण करतात. शिळेवरील संयम त्यांना दिसत नाही, कारण त्यांनी फक्त आकडा वाचलेला असतो.

उलट बाजूचा अतिरेकही टाळला पाहिजे. नवा शक निघाला म्हणून लोकांचा काळ बदलला, असे झाले नाही. पंचांगात शालिवाहन शक राहिला आणि पेशव्यांच्या दप्तरात अरबी परंपरेचा सुहूर सनही चालत राहिला. राजाने काळाला नाव दिले तरी जत्रेची तिथी राजा ठरवीत नाही. पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, तेव्हाही कचेरीचा कागद एका गणनेने आणि गावचा उत्सव दुसऱ्या गणनेने चालला. आमच्या वडीलधाऱ्यांनी दोन्ही गणना सारख्याच सहजतेने वापरल्या.

म्हणून माझे मागणे लहान आहे. जुन्या ग्रंथांच्या आवृत्त्या काढताना मूळ कालनिर्देश प्रस्तावनेत जसाच्या तसा यावा आणि इसवी सन त्याच्या शेजारी असावा, त्याच्या जागी नव्हे. वर्गात शिक्षकाने 'केव्हा?' या प्रश्नाबरोबर 'कोणाच्या काळगणनेत?' हाही प्रश्न विचारावा. नार्व्याच्या देवळाचे जीर्णोद्धारित रूप २०२३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. आता सहली अधिक जातील. त्या मुलाला मी तेव्हा अर्धेच उत्तर दिले. उरलेले अर्धे त्या शिळेपुढे उभे राहून सांगण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.