भजनांतील रांग

सुरांना जात नसते, असें व्याख्यानांतून वारंवार सांगण्यांत येतें. आमच्या भंडारा जिल्ह्यांतील शहापुरासारख्या गांवांचा पूर्वेतिहास पाहिला, तर या विधानास तसा आधार सांपडत नाहीं. डफडें वाजल्यावांचून वरात निघत नसे; परंतु तें वाजविणारा मांडवाबाहेर राही. सूर आंत जात, माणूस जात नसे. चामड्याचा स्पर्श निषिद्ध मानणाऱ्यांनीं मृदंगाचें चामडें मात्र देवळांत सुखानें चालवून घेतलें, हाहि एक मौजेचाच प्रकार!

तेव्हां संगीतानें समाज जोडला जातो कीं काय, हा प्रश्न सुरांचा नसून बसावयाच्या जागेचा आहे. राष्ट्रसंत तुकडोजीमहाराज (१९०९–१९६८) यांनीं तो बरोबर ओळखला होता. १९३५ सालीं मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापन करून त्यांनीं सामुदायिक प्रार्थनेची जी प्रथा विदर्भांत खेडोपाडीं रुजविली, तिचें मर्म रांगेंत बसण्यांत आहे. पाटील आला काय किंवा मजूर आला काय, रांगेंत जी जागा मोकळी असेल तीच त्याची. खंजिरी हें वाद्यहि त्या रांगेस शोभणारें. महाराजांच्या हातीं ती काय बोलत असे, हें ऐकणाऱ्यांनाच ठाऊक. परंतु साधा ठेका धरावयास कोणाच्या घराण्याचा गंडा बांधावा लागत नाहीं. त्यांचीं सर्वच पदें काव्य म्हणून सारख्या मोलाचीं आहेत, असें मला वाटत नाहीं. उपदेशाचें ओझें कित्येक ठिकाणीं चालीला वाकवितें. तथापि नवखा माणूस दुसऱ्याच आवर्तनाला सूर मिसळूं शकेल, इतकी त्यांची रचना सोपी आहे, आणि हा गुण सामान्य नव्हे.

परंतु रांगेंत जागा मिळाली म्हणजे स्वतःचें दुःख गाण्याची मुभा मिळाली, असें नाहीं. भजनांतील ‘आपण’ फार व्यापक असतो; त्यांत एखाद्याचा ‘मी’ सहज बुडून जातो. ती उणीव जलशानें भरून काढली. महात्मा फुल्यांनीं १८७३ सालीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाच्या चळवळींतून जलसे निघाले. त्यांनीं तमाशाचा सांचा घेतला आणि आशय पालटला. पुढें भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे आले. वामनदादा कर्डकांनीं (१९२२–२००४) तर गीतांतून आंबेडकरी विचार खेड्यापाड्यांत पोंचविला. येथें गाणारा कोणाच्या रांगेंत जागा मागत नाहीं. तो मंचावर उभा राहून इतरांना ऐकावयास बोलावतो.

१९५४ सालीं याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकींत बाबासाहेब पराभूत झाले. आज त्याच जिल्ह्यांत त्यांच्या जयंतीस भीमगीतें दुमदुमतात. भजनाचें निमंत्रण सर्वांस असतें, याचा आपणां मध्यमवर्गीयांस अभिमान वाटतो. भीमगीतांच्या कार्यक्रमाचें निमंत्रणहि बहुधा सर्वांसच असतें. तेथें भजनी मंडळांतील किती मंडळी उत्तररात्रीपर्यंत बसून राहतात?