प्रश्न आधी की चित्रं आधी? कलेच्या पोर्टफोलिओकडे संशोधकाच्या नजरेने



या ब्लॉगवर आपण एरवी सिनॉप्सिस, लिटरेचर रिव्ह्यू, पेट परीक्षा असल्या गोष्टींवर बोलतो. आज चित्रकलेवर बोलू. घाबरू नका, मी रसायनशास्त्र सोडलेलं नाही. माझी मावसबहीण अमेरिकेत बारावीला आहे. तिच्यामुळे एपी आर्ट अँड डिझाइन या परीक्षेची नियमावली वाचनात आली आणि लक्षात आलं की हे तर आपलंच प्रकरण आहे. प्रपोजल लिहायला बसलेल्या प्रत्येकाने ती एकदा वाचावी असं मला वाटतं. तिच्यात एक फार चांगली कल्पना आहे, आणि त्याच कल्पनेच्या पोटात एक खोटही आहे.

आधी ही परीक्षा काय आहे ते थोडक्यात. कॉलेज बोर्ड नावाची संस्था ती घेते. यात तीन तासांचा पेपर नसतो. विद्यार्थ्याने केलेल्या कामाचा पोर्टफोलिओ पाठवायचा आणि त्यावर १ ते ५ यांपैकी गुण मिळतात. पूर्वी याचे तीन भाग होते : उत्तम पाच कामं, एका विषयाभोवतीची मालिका, आणि 'मला सगळं येतं' हे दाखवणारा विविधतेचा भाग. २०१९-२० पासून विविधतेचा भाग काढून टाकला. आता निवडक पाच कामांना ४० टक्के आणि 'सस्टेन्ड इन्व्हेस्टिगेशन'ला, म्हणजे दीर्घकाळ चाललेल्या शोधाला, ६० टक्के वजन आहे. त्यासाठी १५ प्रतिमा द्यायच्या. त्या सगळ्या पूर्ण झालेल्या चित्रांच्याच हव्यात असं नाही. कच्ची रेखाटनं, अर्धवट कामं, प्रक्रियेचे फोटो चालतात. सोबत लिहून द्यायचं : कोणत्या प्रश्नाने तुमच्या कामाला दिशा दिली, आणि त्यात सराव, प्रयोग आणि फेरबदल कुठे दिसतात.

बारकाईने वाचा. प्रश्न, पद्धत, प्रयोग, सुधारणा. आपल्या आरआरसीसमोर जे मांडावं लागतं तेच सतरा वर्षांच्या मुलांकडून मागितलंय.

हा बदल मला मनापासून आवडला. आपल्याकडची पद्धत शेजारी ठेवली की त्याची किंमत कळते. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिली असेल. स्मरणचित्राचा पेपर आठवा. बाजार येवो, बसस्टॉप येवो की गणपतीची मिरवणूक, पुढे तीन मोठ्या आकृत्या, मागे चार लहान, कोपऱ्यात झाड, हा साचा बहुतेकांच्या हातात बसलेला असतो. बीएफएच्या प्रवेशासाठी राज्याची जी सीईटी आहे तिच्यातही वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र असे ठरलेल्या वेळेत सोडवायचे पेपर असतात. अशा परीक्षेचा फायदा आहेच आणि तो मी कमी लेखणार नाही. सगळ्यांना एकच वेळ, एकच कागद. घरी महागडा स्कॅनर आहे का, वडील क्लासची फी भरू शकतात का, याचा फरक निदान त्या हॉलमध्ये तरी कमी पडतो. पण हात किती बसलाय एवढंच त्यात कळतं. मूल एखाद्या गोष्टीचा पिच्छा कसं पुरवतं, एक वाट बंद झाल्यावर काय करतं, हे तीन तासांत दिसणं अवघड.

आता खोट कुठे आहे ते सांगतो.

नियमावली म्हणते की प्रश्नाने कामाला दिशा दिली पाहिजे. म्हणजे प्रश्न आधी, चित्रं नंतर. पण प्रत्यक्षात कसं होतं? मूल ऑगस्टपासून काढत सुटतं. समजा, आजीचे हात काढतंय, मग स्वयंपाकघर, मग वाफेने धूसर झालेली खिडकी. हे सगळं कशाबद्दल आहे ते त्याला फेब्रुवारीत उमगायला लागतं, आणि तेही अर्धंमुर्धं. मग वसंतात फॉर्म भरताना एक प्रश्न तयार होतो, 'स्थलांतरित कुटुंबात स्पर्शातून आठवणी कशा जपल्या जातात?' आणि तो असा लिहिला जातो की जणू पहिल्या दिवसापासून तोच समोर होता.

विज्ञानात या सवयीला नाव आहे. नॉर्बर्ट कर या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये तिला 'हार्किंग' म्हटलं. निकाल हातात आल्यावर गृहीतक रचायचं आणि ते आधीपासूनचं असल्यासारखं छापायचं. त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, नोबेलविजेते पीटर मेडावार यांनी बीबीसी रेडिओवर एक भाषण दिलं होतं. शोधनिबंध ही फसवणूक आहे का, असा त्याचा विषय. निबंधातले आकडे खोटे असतात असं त्यांना म्हणायचं नव्हतं. शोध ज्या क्रमाने लागला त्याचं चित्र निबंध चुकीचं उभं करतो, हे त्यांचं म्हणणं. एपीच्या नियमावलीने शोधनिबंधाचा चांगुलपणा उचलला तसा हा दोषही उचललाय.

दुसरी गोष्ट याहून वाईट. प्रक्रियेला गुण मिळतात म्हटल्यावर प्रक्रियासुद्धा 'तयार' करता येते. चित्र आधी पूर्ण करायचं आणि मग त्याची कच्ची रेखाटनं मागाहून काढायची. डिझाइनच्या नोकऱ्यांसाठीचे ऑनलाइन पोर्टफोलिओ चाळून बघा. केस स्टडीमागून केस स्टडीत भिंतीवर रंगीत चिकट चिठ्ठ्या लावलेला तोच फोटो, काल्पनिक ग्राहकाचं तेच हसरं चित्र, आणि शेवटी तीच सफाईदार स्क्रीन. चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही आणि त्यांच्यामुळे कोणता निर्णय बदलला ते कुठेच सांगितलेलं नसतं. माझ्या मते ही सजावट आहे, पुरावा नाही. फरक ओळखायचा एक सोपा मार्ग आहे : मधलं पान काढून टाकलं तर शेवटच्या कामाबद्दलची आपली समजूत बदलते का? नसेल बदलत तर ते पान शोभेचं.

खरी प्रक्रिया कशी दिसते याचा एक नमुना जगाला माहीत आहे. पिकासोला १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या स्पॅनिश दालनासाठी भित्तिचित्र करायचं होतं. एप्रिलमध्ये तो चित्रकार आणि त्याची मॉडेल असल्या स्टुडिओच्या विषयाशी खेळत होता. २६ एप्रिलला गेर्निका गावावर बॉम्ब पडले. १ मेपासूनची तारखा टाकलेली रेखाटनं आज उपलब्ध आहेत. पुढे मोठ्या कॅनव्हासवर काम सुरू झालं तेव्हा डोरा मार या छायाचित्रकर्तीने त्याच्या एकेका अवस्थेचे फोटो काढले. सुरुवातीच्या फोटोत पडलेल्या सैनिकाचा हात वर उठलेला आहे, मूठ आवळलेली. पुढच्या अवस्थेत त्या मुठीमागे सूर्य येतो. मग तो हातच नाहीसा होतो. एवढी ठळक, घोषणेसारखी वाटणारी गोष्ट पिकासोने पुसून टाकली. अंतिम चित्र शंभर वेळा पाहिलं तरी हे कळणार नाही. आणि पाहा, यात 'आधीपासूनचा प्रश्न' कुठे आहे? तो मधेच बदलला.

एखादे शिक्षक म्हणतील, सतराव्या वर्षी कुणाला आपला प्रश्न माहीत असतो? अगदी बरोबर. माझी तक्रार मुलांबद्दल नाहीच. ज्या वयात प्रश्न हळूहळू सापडतो त्या वयात तो पहिल्यापासून होता असं लिहायला लावणाऱ्या वाक्यरचनेबद्दल आहे. लिहायला जागा तरी किती? एकेका उत्तराला ६०० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. तुमच्या पेपरच्या अॅब्स्ट्रॅक्टलाही साधारण याच्या दुप्पट जागा असते. त्यात 'आधी मला असं वाटत होतं, मग तसं झालं' हे सांगायला वाव कुठला!

विज्ञानाने यावर एक उपाय काढलाय. २०१३ पासून 'कॉर्टेक्स' या जर्नलने आधी योजना तपासायची, ती स्वीकारायची आणि मग प्रयोग करायचे, अशी पद्धत सुरू केली. ती जशीच्या तशी कलेला लावली तर अनर्थ होईल. ऑगस्टमधल्या प्रश्नाला मुलाला बांधून ठेवलं तर ते मरगळलेली चित्रं काढेल. पण त्यातला अर्धा भाग घेता येईल. सुरुवातीला दोन ओळी लिहून घ्या, मध्यावर दोन, शेवटी दोन, आणि गुण द्या ते या तिन्हींमधल्या अंतराच्या प्रामाणिक वर्णनाला. कॉलेज बोर्डाने या परीक्षेत एआयच्या वापरावर कोणत्याही टप्प्यावर बंदी घातली आहे. ती पाळली गेली की नाही हे तयार चित्र पाहून सांगणं दिवसेंदिवस कठीणच होणार. तारखांनिशी भरलेली, खाडाखोड असलेली वही निदान विश्वास ठेवायला काहीतरी देते. आपल्या लॅब नोटबुकचा नियम तरी दुसरा काय आहे? पेनने लिहा, तारीख टाका, पान फाडू नका, चुकलं तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे.

जाता जाता एका कल्पक प्रश्नाबद्दल. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन ही नावाजलेली कला-संस्था अनेक वर्षं प्रवेशासाठी प्रत्येकाकडून सायकलचं चित्र मागायची. आता ती अट नाही. मला ती फार हुशारीची वाटते. लिव्हरपूल विद्यापीठाच्या रिबेका लॉसन यांनी २००६ मध्ये दाखवून दिलंय की रोज सायकल बघणाऱ्या लोकांनाही तिची चौकट आणि साखळी नीट आठवून काढता येत नाही. कित्येक जण साखळी पुढच्या चाकालाही जोडतात आणि मग हँडल वळणारच नाही हे त्यांच्या ध्यानात येत नाही. पोर्टफोलिओत बाकी काहीही मागाहून सजवता येईल, पण सायकल खाली जाऊन बघितली की नाही, ते रेषेत दिसतं.

यातलं तुमच्या कामाचं : पुढच्या महिन्यात ज्यांची पीएचडीची मुलाखत आहे त्यांनी एम.एस्सी.च्या डिझर्टेशनची वही बाहेर काढा. छापलेली नव्हे, हाताने लिहिलेली. पॅनेलने 'हाच विषय का?' विचारलं तर पहिल्या प्रकरणातलं घोटीव उत्तर देऊ नका. वहीतलं ते पान शोधा जिथे पहिला बेत सोडून दिला, त्याची तारीख बघा, आणि त्या आठवड्यात नेमकं काय घडलं ते दोन मिनिटांत सांगायचा सराव करा.