निष्कर्षापूर्वीचा काळ : एचआयव्ही चाचणीची तीन कथने आणि एक भारतीय अनुपस्थिती

एड्सविषयक साहित्याची चिकित्सा आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाली आहे. आजाराभोवती जमणाऱ्या रूपकांचा शोध हे पहिले अंग. सुसान सोंटॅग यांच्या १९८९ मधील ‘एड्स अँड इट्स मेटाफर्स’ या पुस्तकाने ही वाट रुंद केली. मृत्यू आणि साक्ष यांचा विचार हे दुसरे. या दोहोंतून एक टप्पा निसटतो. असुरक्षित शरीरसंबंध घडून गेलेला आहे आणि चाचणीचा निष्कर्ष अद्याप हाती आलेला नाही, असा तो काळ होय. या काळात माणूस रुग्ण नसतो आणि स्वतःला निरोगीही म्हणवू शकत नाही. तो संशयित असतो, आणि संशय घेणाराही तोच असतो.

या काळाची लांबी शरीरशास्त्राने ठरवलेली आहे. संसर्ग झाल्यावर लगेच केलेली चाचणी काहीच सांगत नाही. प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात, आणि पूर्वी तर खात्रीसाठी तीन महिने थांबावे असे सांगितले जाई. विषाणूचा प्रथिनांशही शोधणाऱ्या आजच्या प्रयोगशाळीय चाचण्यांनी ही मुदत साधारण ४५ दिवसांवर आणली आहे. ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधेही उपलब्ध आहेत. तरीही प्रतीक्षा संपलेली नाही, आणि प्रतीक्षा ही कथनाची आदिम सामग्री आहे. प्रश्न असा, की या प्रतीक्षेत माणूस नेमका कशास भितो?

फ्रेंच लेखक एर्व्हे गिबेर यांच्या १९९० मधील आत्मकथनपर कादंबरीचा निवेदक आरंभीच सांगतो, की आपल्याला तीन महिने एड्स होता. ज्या मित्राने आपला जीव वाचवला नाही त्याला उद्देशून केलेल्या या लेखनाचे शंभर छोटे खंड आहेत, आणि ते कालानुक्रम पाळत नाहीत. हा विस्कळीतपणा शैलीचा चाळा मानणे चूक ठरेल. नागीण उठते तेव्हाच निवेदकाच्या त्वचेने त्याला सांगायचे ते सांगितलेले असते. १९८८ च्या जानेवारीत ज्यूलसोबत केलेली निनावी चाचणी हे त्या आधीच वाचलेल्या मजकुरावरचे शिक्कामोर्तब ठरते. ज्ञान अगोदर आणि पुरावा नंतर, असा हा उलटा क्रम आहे. मुझिल या पात्रामागे मिशेल फूको आहेत, हे सर्वज्ञात आहे. फूको जून १९८४ मध्ये निवर्तले, तर प्रतिपिंड चाचणीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती मार्च १९८५ मध्ये. म्हणजे एकाच ग्रंथात चाचणीपूर्व युगातला एक मृत्यू आणि चाचणीनंतरचे एक जगणे शेजारी शेजारी येतात. मुझिलला निष्कर्षाची वाट पाहण्याची सोयच नव्हती. निवेदकाला ती आहे, आणि तो तिचा उपयोग लेखनासाठी करतो. निनावी चाचणी करून घेणारा हा माणूस पुढे स्वतःच्या नावाने सारे छापतो, मित्राचे गुपितही सोडत नाही. नैतिकदृष्ट्या हे खटकते, आणि खटकलेच पाहिजे.

सोंटॅग यांची १९८६ मधील कथा ‘द वे वुई लिव्ह नाऊ’ याच्या नेमकी उलट आहे. आजारी माणूस अनाम; त्याच्याविषयी बोलणारे मित्र सव्वीस, इंग्रजी वर्णमालेच्या प्रत्येक अक्षराचा एक. आजाराचे नाव एकदाही उच्चारले जात नाही. पहिल्याच वाक्यात त्या माणसाने डॉक्टरांकडे जाणे लांबणीवर टाकल्याचे कळते, पण तेही दुसऱ्याच्या तोंडून तिसऱ्याला. मित्रांपैकी काही त्याचे पूर्वीचे प्रणयी आहेत, त्यामुळे त्यांच्या काळजीत स्वतःविषयीची धास्ती मिसळलेली आहे. ‘तो कसा आहे’ या पृच्छेआड ‘माझे काय’ हा प्रश्न दडलेला आहे.

जॉनी स्टाइनबर्ग यांचे ‘थ्री-लेटर प्लेग’ (२००८) दक्षिण आफ्रिकेतील लुसिकिसिकी परिसरात घडते. ‘मेदसँ सां फ्रोंतिएर’ या संस्थेने तेथे विषाणूरोधक उपचार दाराशी आणले होते. सिझ्वे हे टोपणनाव दिलेला तरुण दुकानदार तरीही चाचणीला जात नाही. गावात चाचणी होते त्या दिवशी लोक बाहेर उभे राहून आत गेलेला माणूस किती वेळ थांबतो हे मोजतात; लवकर बाहेर आला तो सुटला, समुपदेशन लांबले तो गेला. गोपनीयतेची सारी व्यवस्था केवळ घड्याळाने फोडली जाते. विषाणूपेक्षाही सिझ्वेला जाचते ती आपल्या चालत्या दुकानावर टपलेल्या मत्सरी नजरांची कल्पना. उपचार आल्यावर मरणाचे भय ओसरेल आणि माणसे चाचणीकडे वळतील, हे साधे गणित या पुस्तकात जमत नाही. भये दोन आहेत. औषध त्यांपैकी एकावरच चालते.

या पार्श्वभूमीवर भारतीय कथनांकडे वळले की एक अनुपस्थिती ठळक होते. रेवती दिग्दर्शित ‘फिर मिलेंगे’ (२००४) या हिंदी चित्रपटातील तमन्ना जुन्या मित्राशी संबंध ठेवते. पुढे अपघातग्रस्त बहिणीला रक्त देऊ पाहते तेव्हा तिचा संसर्ग उघडकीस येतो. दोन प्रसंगांच्या मध्ये काळजीची एकही रात्र नाही. नायिका चाचणीला जात नाही, चाचणीच तिच्याकडे चालून येते. रक्तदान हे येथे कथानकाचे सोयीचे साधन आहे. स्वेच्छेने चाचणी करणे म्हणजे घडलेल्या कृतीची आधी स्वतःपाशी कबुली देणे. रक्तदात्याला ती द्यावी लागत नाही, उलट त्याच्या पदरी पुण्यच पडते. नायिकेची प्रतिमा यामुळे निष्कलंक राहते, मात्र तिच्या अंतर्मनाची एक अख्खी खोली प्रेक्षकाला बंद होते.

हा दोष केवळ सोवळेपणाच्या माथी मारणे मात्र घाईचे ठरेल. गोव्यातील डॉमिनिक डिसूझा हे नियमित रक्तदाते होते. १९८९ मध्ये त्यांच्या रक्तात विषाणू आढळला, तेव्हा पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवले. ओनीर यांच्या ‘माय ब्रदर निखिल’ (२००५) या चित्रपटामागे हीच घटना आहे. चाचणीपूर्वी संमती आणि निष्कर्षाची गुप्तता यांना भारतात स्वतंत्र कायद्याचे संरक्षण लाभले ते २०१७ च्या अधिनियमाने, आणि तो अमलात आला सप्टेंबर २०१८ मध्ये. लुसिकिसिकीत दाराबाहेर शेजारी उभे होते. गोव्यात दाराबाहेर शासन उभे होते. चाचणीच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जाणारे पात्र त्या काळात कोणी रचले असते, तर त्याला कोठून कोठे नेले असते, हा प्रश्न त्या चित्रपटांच्या लेखकांपुढेही असणारच.