पुराव्यातून येणारी कळ

विज्ञानलेखनात भावना आणायची म्हणजे विषयावर अलंकार चढवायचे, ही समजूत मराठीत घट्ट बसली आहे. त्यामुळे आपले बरेच विज्ञानलेख पाठ्यपुस्तकासारखे कोरडे राहतात, नाहीतर ‘अद्भुत’, ‘थक्क करणारे’ अशा विशेषणांनी फुगतात. वाचकाला खरा हलवतो तो कार्यकारणाचा नेमका तपशील. रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) घ्या. अमेरिकेत एल्म वृक्षांवर रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी डीडीटी फवारलं गेलं. ते पानांवर राहिलं, गळलेली पानं गांडुळांनी खाल्ली आणि पुढच्या वसंतात ती गांडुळं खाऊन रॉबिन पक्षी मेले. या साखळीत गळा काढलेला कुठेच नाही. तरी एकेक दुवा पटत गेल्यावर शेवटचा दुवा असह्य होतो, कारण त्या मरणामागे झाडं वाचवायला निघालेला हात दिसतो.

भावना शिरली की वस्तुनिष्ठता जाते, असा आक्षेप घेतला जातो. कीटकनाशक उद्योगाने कार्सन यांनाही भावनाविवश ठरवलं होतं. पुस्तक एका कल्पित गावाच्या शोकांतिकेने सुरू होतं, आणि तेवढ्यापुरता आक्षेपात तथ्य आहे: तिथे पुराव्याआधीच दुःख मांडलेलं आहे. पुढची प्रकरणं मात्र संदर्भांवर भक्कम उभी आहेत. १९६३मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालानेही त्यांची मुख्य चिंता रास्त ठरवली. खटकायला हवी ती पुराव्याविना मागितलेली सहानुभूती.

मराठी वाचक अशा लेखनाला तयार नाही, असं म्हणवत नाही. वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) हे अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र पिढ्यान्‌पिढ्या वाचलं जातं. तिथे वाचक माणसाच्या संघर्षाने हेलावतो, विज्ञानाने नव्हे, असं कोणी म्हणेल. पण कार्व्हरच्या आयुष्यात या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. ज्या कापसासाठी गुलाम राबवले गेले, त्याच कापसाने अमेरिकेच्या दक्षिणेतली जमीन निकस केली. गुलामीत जन्मलेला हा माणूस त्या जमिनीत भुईमूग पेरायला सांगतो, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतात. हे कळलं की त्याच्या आयुष्यातलं औदार्य अधिक खोल कळतं.

जयंत नारळीकरांनी विज्ञानातलं कुतूहल कथेत आणलं आणि तिला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. निबंधाच्या वाट्याला तेवढं बळ आलं नाही, आणि ही उणीव मोठी आहे. सह्याद्रीच्या कड्यांवरचे आडवे थर हे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे. डायनासोर त्याच सुमारास नाहीसे झाले. त्यात मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या पायाखालच्या या ज्वालामुखींच्या वायूंचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालत आहेत. एका सृष्टीच्या अंताचा हा तपास आपल्या डोंगरांत चालू असताना मराठी निबंधात तो क्वचितच दिसतो. परिभाषेची अडचण सांगितली जाते, पण या थरांचा खडक, बेसॉल्ट, तर शाळेच्या भूगोलातच भेटतो.