उन्हाळ्याचे घर आणि संध्याकाळचे घर

अर्नेस्ट थॉम्प्सन यांचे ‘ऑन गोल्डन पाँड’ हे नाटक १९७९ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि १९८१ च्या चित्रपटामुळे ते जगभर पोचले. नॉर्मन आणि एथेल थेयर हे वृद्ध दांपत्य मेन राज्यातील तळ्याकाठच्या घरी आपला अठ्ठेचाळिसावा उन्हाळा घालविते, एवढेच त्याचे कथासूत्र. निवृत्त प्राध्यापक नॉर्मन ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे.

मराठी वाचकाची पहिली अडचण ‘उन्हाळा’ या शब्दापाशीच येते. नाटकाचे पाच प्रवेश मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांच्या मध्यावर घडतात. आपल्याकडे हाच काळ वळवापासून भाद्रपदापर्यंतचा. मेनमध्ये पाऊस बाराही महिने विखुरलेला असतो; त्यामुळे तेथील उन्हाळा म्हणजे काहिली नव्हे, तर बर्फातून मिळालेली, अधूनमधून भिजणारी मोजकी मोकळीक. ‘आणखी एक उन्हाळा’ या शब्दांत तेथे आयुष्याची मोजदाद असते. आपण तीच मोजदाद पावसाळ्यांनी करतो. म्हणून या नाटकातील ऋतूचा खरा मराठी पर्याय ‘उन्हाळा’ नसून ‘पावसाळा’ आहे, असे म्हणता येईल.

या मोजदादीचा भार थॉम्प्सन क्षुल्लक तपशिलांवर टाकतात. दाराची जाळी निखळते, दूरध्वनी चालतो की नाही हे पाहिले जाते, नोकरीच्या जाहिराती चाळल्या जातात. स्ट्रॉबेरी तोडायला गेलेला नॉर्मन ओळखीची वाट न ओळखता आल्याने घाबरून परततो आणि त्याच्या तिरकस विनोदामागची भीती उघडी पडते. येथे दैनंदिनता ही संघर्षाची पार्श्वभूमी राहत नाही. तीच संघर्ष होते.

या संदर्भात जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’चे स्मरण अपरिहार्य आहे. नाना-नानींचा थोरला मुलगा अमेरिकेत स्थिरावतो, सैन्यदलातील धाकटा युद्धात मारला जातो आणि अखेर ते दोघे मरण जवळ करतात. दोन्ही नाटकांत वाट पाहणे आहे. परंतु थेयर दांपत्याकडे मुलगी येते, बिली हा पोरसवदा मुलगा महिनाभर राहतो आणि मासेमारीच्या निमित्ताने नॉर्मनचे दिवस भरून जातात. शिवाय ते घर हंगाम संपताच बंद करून निघायचे आहे. नाना-नानींना निघण्यासाठी दुसरे घरच नाही. एकाची शोकात्मिका आणि दुसऱ्याची सुखात्मिका या भेदाचे मूळ स्वभावापेक्षा या घरांत आहे.

तरीही थॉम्प्सन यांचा बाप-लेकीतील समेट फार लवकर जुळतो, हा आक्षेप उरतोच. बेचाळीस वर्षांची चेल्सी पित्याजवळचा दुरावा एका महिन्याच्या अंतराने ओलांडते, हे पटणे कठीण आहे. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. नॉर्मनचा भयगंड, कडवटपणा आणि विस्मृती सांभाळणारी एथेल स्वतःच्या भीतीला क्वचितच जागा देते. सप्टेंबरमध्ये नॉर्मनला हृदयाचा त्रास होतो तेव्हाच तिचा धीर सुटतो, मृत्यू तिलाही जवळून दिसतो आणि ती बोलते. ते संकट टळताच नाटक पुन्हा विनोदाकडे वळते.

सहजीवनाच्या अखेरच्या टप्प्यात कोण कोणाची भीती वाहून नेतो, हा प्रश्न दोन्ही नाटकांनी उभा केला आहे. निवृत्ती पुरुषाला मिळते. घर चालविणाऱ्या स्त्रीला ती मिळत नाही. वार्धक्यविषयक मराठी नाटकांचा पुढील अभ्यास या बाजूने व्हावयास हवा.