काचपेटीतील संहिता : टोल्कीनची हस्तलिखिते आणि प्रदर्शनाचा अवकाश

लेखकाचे हस्तलिखित संग्रहालयात मांडले की त्याची वाचनीयता कमी होते आणि दर्शनीयता वाढते. पान उलटता येत नाही. काचेखाली उघडे ठेवलेले एकच पान शेकडो पानांचे प्रतिनिधित्व करू लागते. संहितेकडे एक घडत जाणारी प्रक्रिया म्हणून पाहणाऱ्या समीक्षेपुढे यातून अडचण उभी राहते. काचेतून दिसणारे पान हे संहितेचे अंग मानायचे, की लेखकाच्या हाताचा अवशेष? जे. आर. आर. टोल्कीन (१८९२–१९७३) यांच्या हस्तलिखितांच्या प्रदर्शनांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्र होतो. कारण या लेखकाने आपली फँटसीच मुळात एका कल्पित हस्तलिखिताचा अनुवाद म्हणून रचली आहे.

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने २०१८ मध्ये भरवलेले आणि २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालय व संग्रहालयात गेलेले प्रदर्शन ‘टोल्कीन : मेकर ऑफ मिडल-अर्थ’ या नावाचे होते. हस्तलिखितांसोबत पत्रे, छायाचित्रे, जलरंगचित्रे, नकाशे अशी त्याची मांडणी ‘निर्मात्या’भोवती केंद्रित झाली होती. बार्थने १९६७ मध्ये घोषित केलेला लेखकाचा मृत्यू संग्रहालयाला सहसा मानवत नाही, याचा हा एक पुरावा. याउलट अमेरिकेतील मिलवॉकी येथे मार्केट विद्यापीठाच्या हॅगर्टी कला-संग्रहालयात २०२२ मध्ये भरलेल्या प्रदर्शनाने ‘हस्तलिखिताची कला’ हेच सूत्र धरले. या विद्यापीठाने १९५७ मध्ये ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यांच्या हस्तलिखितांचा संग्रह दीड हजार पौंडांना लेखकाकडूनच विकत घेतला होता. टोल्कीन यांनी भाषाशास्त्रज्ञ म्हणून अभ्यासलेली मध्ययुगीन हस्तलिखिते आणि लेखक म्हणून निर्मिलेली हस्तलिखिते हे दोन्ही अर्थ या सूत्रात एकत्र आले. लेखकाकडून संहितेकडे झालेला हा रोख-बदल समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) ही कथा ‘रेड बुक’ नावाच्या एका प्राचीन ग्रंथाच्या प्रतींवरून इंग्रजीत आणलेली आहे, असा तिच्यातील आभास आहे. हा आभास केवळ शोभेपुरता नाही. ‘द हॉबिट’च्या १९३७ च्या आवृत्तीतील गॉलमचे प्रकरण नव्या कादंबरीशी विसंगत ठरू लागले, तेव्हा १९५१ च्या आवृत्तीत ते बदलण्यात आले, आणि जुना पाठ म्हणजे बिल्बोने सांगितलेली असत्य हकिकत होती, असे स्पष्टीकरण कथाविश्वातच देण्यात आले. लेखकाचा पुनर्विचार येथे पाठभेदाचे रूप घेतो.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे (१९१९–१९६६) मराठी अभ्यासकाला पाठचिकित्सेची जी शिस्त परिचित आहे, तिच्याशी ही स्थिती ताडून पाहण्याजोगी आहे. तेथे कर्त्याच्या हातची प्रत नाही. उपलब्ध प्रतींवरून संपादकाला मागे मागे जावे लागते. येथे कर्त्याच्या हातची प्रत विपुल प्रमाणात आहे, आणि कर्ताच तिचे कर्तृत्व नाकारून उत्तरकालीन संपादकाची भूमिका वठवतो.

म्हणूनच प्रदर्शनातील देखण्या, सुलेखित पानांपेक्षा खाडाखोडीचे कागद अधिक बोलके ठरतात. कादंबरीच्या आरंभीच्या खर्ड्यांत पुढचा ॲरागॉर्न हा लाकडी पादत्राणे घालणारा ‘ट्रॉटर’ नावाचा हॉबिट आहे. तो माणूस झाल्यावरही ते नाव पुष्कळ काळ टिकून राहिले. निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली पात्रे कोणत्या दिवशी कोठे आहेत, याचे समांतर रकान्यांचे तक्ते लेखकाने आखले. चंद्रकलांचा मेळ बसेना म्हणून १९४४ मध्ये त्याला मजकुरात दुरुस्त्या कराव्या लागल्या. फँटसी म्हणजे कल्पनेचा मुक्त विहार ही रूढ समजूत या कागदांपुढे टिकत नाही. अद्भुताची विश्वसनीयता येथे कारकुनी चिकाटीतून उभी राहते.

मात्र या विश्वसनीयतेची सीमाही एका प्रदर्शित वस्तूतच दिसते. मोरियाच्या भुयारात सापडणाऱ्या ‘बुक ऑफ मॅझरबूल’ची काही पाने टोल्कीन यांनी स्वतः तयार केली. कागद फाडला, पाइपने जाळला, रक्ताच्या डागांसाठी लाल रंग वापरला. छपाईच्या खर्चामुळे १९५४ मध्ये ती पुस्तकात येऊ शकली नाहीत. या पानांची लिपी परकी असली तरी भाषा बव्हंशी इंग्रजी आहे. संपूर्ण कथा जर अनुवाद असेल, तर मूळ अवशेषावर अनुवादाची भाषा कशी, हा प्रश्न अटळ आहे. उत्तरायुष्यातील एका टिपणात टोल्कीन यांनीच ही विसंगती मान्य केली. मजकुराचा अनुवाद होऊ शकतो, वस्तूचा होत नाही. शब्दांत निर्वेध चाललेला आभास कागदाला हात लागताच अडखळतो.

हीच पाने २०१८ च्या प्रदर्शनात काचेखाली आली, तेव्हा त्यांचे स्थान पालटले. कल्पित काळाचा बनावट अवशेष विसाव्या शतकातील लेखकाचा अस्सल अवशेष ठरला. जळलेली कड युद्धाची खूण राहिली नाही, ती लेखकाच्या पाइपची खूण झाली. बेन्यामिनने कलाकृतीच्या ज्या आभेविषयी लिहिले, ती येथे कथेतून निघून कर्त्याकडे जाते. प्रेक्षकाचा आदर वाढतो. कथाविश्व मात्र क्षणभर विरते.

याचा अर्थ अशी प्रदर्शने निरर्थक आहेत असा नव्हे. पूर्ण संहितेचा अभ्यास ग्रंथालयाच्या मेजावर, आणि क्रिस्टोफर टोल्कीन यांनी १९८३ ते १९९६ या काळात बारा खंडांत संपादित केलेल्या खर्ड्यांच्या इतिहासातच होऊ शकतो. प्रदर्शनाचे कार्य वेगळे आहे : छापील पुस्तकाची स्थिर वाटणारी संहिता कधीकाळी अनिश्चित होती, याची डोळ्यांना खात्री पटवणे. त्यासाठी त्याने सुंदर पानाशेजारी त्याचा फसलेला खर्डा मांडला पाहिजे. या कसोटीवर ‘निर्मात्या’चे प्रदर्शन थोडे उणे पडते आणि ‘हस्तलिखिता’चे प्रदर्शन समीक्षेच्या अधिक निकट येते.